तेहतिसावा शेप्या

तलवाड्यात राधाकिशन तात्यांच्या परसात शिरणं सोपं होतं, पण तिथून रिकाम्या हातानं परत येणं आजवर कुणाला जमलेलं नव्हतं. कुणी फोडणीपुरता कढीपत्ता मागायला गेलं, तर तात्या त्याला आधी डाळिंबाची नवी फूट दाखवत, मग पेरूची फुलं, मग पपईच्या बुंध्याला घातलेली राख. वैशाख-ज्येष्ठाचे दिवस असले तर शेवटी त्याच्या हातावर एक आंबा ठेवत. घरी जाऊन खातो म्हणायची सोय नव्हती. "हितंच खा, माझ्या म्होरं," असं म्हणून तात्या खाणाऱ्याच्या तोंडाकडं बघत उभे राहत.

हा आंबा म्हणजे शेप्या. गावरान आंब्यात झाडागणिक नाव असतं. कुणी गोटी, कुणी शेंद्र्या, कुणी खोबऱ्या. ज्याच्या रसाला शेपूच्या भाजीचा वास येतो, तो शेप्या. वास बेताचा असला तर लोक असा आंबा आवडीनंही खातात. तात्यांच्या झाडाला मात्र बेत म्हणून काही ठाऊकच नव्हता. फळ चिरलं की तिसऱ्या घरात कळायचं. पहिला घास घेतला की माणूस डोळे मिटायचा, श्वास धरायचा आणि घाईघाईनं गिळून टाकायचा. तात्यांना वाटे, गडी तल्लीन झाला.

"कसा हाय?" तात्या विचारत.

"लई वेगळा हाय, तात्या."

"वेगळा असणारच," असं म्हणून तात्या दुसरा पुढं करत.

शेजारच्या सारजाबाई तेवढ्या हुशार. त्या आंबा पदरात घेत, कपाळाला लावत आणि म्हणत, "असला आंबा उभ्याउभ्या खायचा न्हाई, तात्या. सांजच्याला सावकाश खाते." त्यांची ही भक्ती तात्यांना इतकी भावली होती, की आढीतला पहिला पिकलेला आंबा दरवर्षी न चुकता सारजाबाईंना जाई. आढी म्हणजे कच्चे आंबे पिकवायला गव्हाच्या काडात लावून ठेवतात ती. तात्यांची आढी माजघरात असे आणि हंगामभर घरातली माणसं जेवायला ओसरीवर बसत.

आता तात्यांचा या झाडावर एवढा जीव का, तर त्याला कारण होतं. पस्तीस वर्षांपूर्वी ते दिंद्रुडला मुलगी बघायला गेले होते. मुलीनं पोहे आणले, पोह्यांमागून आंबा आणला. तात्यांनी मान वर करून मुलीकडं काही बघितलं नाही, तेवढी छाती नव्हती. बघितलं ते आंब्याकडं. आंबा खाल्ला, "झकास हाय" म्हणाले, आणि कुणाचं लक्ष नाही असं बघून कोय खिशात घातली. पुढं मुलगी लग्न होऊन आली. ती वनमालाबाई. कोय तिच्या आधीच परसात रुजून बसली होती. म्हणजे एका बघण्यात तात्यांनी दोन गोष्टी पसंत केल्या, आणि दोन्ही पस्तीस वर्षं सांभाळल्या. त्यातल्या एकीला ते रोज पाणी घालत.

पाण्याचं म्हणाल तर उन्हाळ्यात तलवाड्यात टँकरची वाट बघावी लागे. तात्यांनी त्यावर तोड काढली होती. झाडाच्या बुंध्याशी एक शहाबादी फरशी टाकून ते तिथंच आंघोळ करत, म्हणजे सगळं पाणी आळ्यात जाई. ऊन फार तापलं तर तात्यांना दिवसातून दोनदा आंघोळ करावीशी वाटे. वनमालाबाई म्हणत, "माणूस मळलं म्हून आंघोळ करतं. ह्यांचं झाड सुकलं की ह्यांना घाम येतो."

आणि या झाडाचा एक चमत्कारही होता. हंगाम सरायचा, आढी मोडायची, काड गाईपुढं जायचं. पुढं आठ-दहा दिवसांनी दळणाला गहू काढायला तात्या कोठीत हात घालायचे, तर हाताला एक आंबा लागायचा. चुकून राहिलेला, छान पिकलेला. दरवर्षी. तात्या तो कोठीजवळच बसून खात आणि पाटावरून उठताना म्हणत, "म्या आंबा शोधत न्हाई. आंबा मला शोधत येतो." वनमालाबाई तेवढ्यात काहीतरी कामानं अंगणात गेलेल्या असत.

तर यंदा अधिक महिना आला, तोही ज्येष्ठात, ऐन आंब्यात. आणि लेक सायलीचं लग्न होऊन जेमतेम दीड वर्ष झालेलं. म्हणजे जावयाचा पहिला धोंडा. आमच्याकडं धोंड्याच्या महिन्यात जावयाला बोलावतात, पुरणाचे धोंडे करून जेवू घालतात, कपडे करतात आणि तीस-तीन म्हणजे तेहतीस नगांचं वाण देतात. बहुतेक लोक अनारसे देतात. तात्यांनी महिना लागायच्या आधीच सांगून टाकलं, "अनारसे कुणीबी देतं. म्या माझ्या झाडाचे तेहतीस शेप्ये देणार."

"वाणाच्या जिनसाला अनारशासारखी जाळी लागती," वनमालाबाई म्हणाल्या. "आंब्याला कुठं जाळी हाय?"

"जाळी न्हाई, पर वास हाय की."

वास होता हे खरंच होतं.

तात्यांनी ही गोष्ट विहिणीला फोनवर सांगितली, पारावर सांगितली, गेवराईच्या बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही सांगितली. आणि मग चैत्राच्या शेवटी गारपीट झाली. दहा मिनिटं. ती थांबल्यावर तात्या डोक्यावर घमेलं घेऊन परसात गेले आणि कैऱ्यांच्या सड्यात उभे राहिले. त्या सगळ्या वर्षाचं लोणचं त्या दिवशी खाली पडलं होतं. झाडावर उरले चाळीस.

त्या दिवसापासून तात्यांना दुसरा उद्योग राहिला नाही. सकाळी चहाच्या आधी ते आंबे मोजत आणि आकडा मोठ्यानं सांगत. एका दुपारी वानरं आली आणि पाच घेऊन गेली. तेव्हापासून तात्या बाजेसह झाडाखालीच राहायला गेले. पस्तीस. दोनच आंब्यांची मुभा होती. गारेचा मार लागलेला एक आंबा होता, त्याच्या खांद्यावर चवलीच्या नाण्याएवढा काळा डाग पडला होता. तो गळणार असं सगळे म्हणत होते, पण तो चिवटपणे धरून राहिला. तात्यांचा त्याच्यावर विशेष लोभ जडला.

उतरवायचा दिवस आला. तात्यांनी झेला काढला. वेळूच्या टोकाला जाळी बांधलेली, वर पातं. घरातल्या कुणालाही त्या झेल्याला हात लावायची परवानगी नव्हती. आंब्याचे खांदे भरलेत का बघायचं, देठ बोटभर ठेवून कापायचा, जाळीत अलगद घ्यायचा, खाली आणून चीक निघून जावा म्हणून पोत्यावर देठ खाली करून ठेवायचा. आजवर झेल्यातून एकही आंबा जमिनीवर पडू दिला नाही, ही तात्यांच्या आयुष्यातली मोठी मिळकत होती. त्या दिवशीही पडला नाही. पस्तीसच्या पस्तीस आढीत गेले.

दुसऱ्या दिवशी मोजले तर चौतीस. तात्यांनी तीनदा मोजले. वनमालाबाई म्हणाल्या, "काल चुकलं आसंल." तात्यांनी विचार केला, की एक सारजाबाईचा आणि तेहतीस जावयाचे, म्हणजे चौतीसच तर लागतात. देवालाही हिशेब कळतो. आणि पहिला आंबा पिवळा पडला तसा तो नेऊन सारजाबाईंच्या पदरात घातला.

धोंडा उद्यावर आला. दुपारी तात्या आंबे एकेक करून ओल्या फडक्यानं पुसायला बसले. विसावा आंबा हातात घेतला आणि अंगठा आत गेला. देठाकडून सडला होता.

बत्तीस राहिले.

तात्यांनी गावाला सांगितलं होतं, विहिणीला सांगितलं होतं. एक आंबा बाजारातून आणून आत सरकवला असता तर कुणाला कळलं नसतं, पण शेप्यांमध्ये केसर ठेवायचा म्हणजे त्यांना पाप वाटत होतं. आपला तो बाब्या. मग त्यांना आठवलं, की परवाच सारजाबाईंना दिलेला आंबा त्यांनी बहुतेक अजून खाल्ला नसेल, त्या सावकाश खातात. दिलेली वस्तू परत मागायची म्हणजे लाज गहाण टाकायची. पण जावयाच्या वाणासाठी माणूस काय करत नाही. तात्यांनी टोपी घातली आणि निघाले.

सारजाबाईंचं दार उघडं होतं, पण त्या आत होत्या. दारात शेळी बांधलेली. ती काहीतरी चावत होती, मनापासून, दाढी हलवत. तिच्या दाढीला पिवळा रस लागलेला. आणि तिच्या आसपास तो वास दरवळत होता, जो ओळखण्यात तात्यांची कधीच चूक झाली नसती. गोठ्याच्या कोपऱ्यात जळणासाठी वाळवलेल्या कोयांचा ढीग होता. तो एका वर्षाचा नव्हता.

सारजाबाई बाहेर आल्या, तात्यांकडं बघितलं, शेळीकडं बघितलं आणि पदर तोंडाला लावला.

"चुकून खाल्ला वाटतं," तात्या म्हणाले. बिचारे त्यांनाच वाट करून देत होते.

सारजाबाईंचं वय झालं होतं, आता खोटं बोलायचा त्यांनाही कंटाळा आला असावा. "चुकून न्हाई, तात्या. ती वाट बघत आसती दरसाली. दूधबी वाढतं तिचं."

"आन तुमी?"

"मला त्या वासानं मळमळतं."

"मंग इतकी वर्सं बोलला कावून न्हाई?"

"कसं बोलावं? माणूस एवढ्या मायेनं हातावर ठेवतं, त्याला वास येतो म्हून सांगावं? तुमीच सांगा." आणि तात्यांचा चेहरा बघून त्यांनी धीर द्यायला म्हणून सांगितलं, "म्या एकलीच न्हाई तात्या. समदं गाव आसंच करतंय."

एवढा धीर दिल्यावर तात्या घरी आले.

वनमालाबाई पुरणाची डाळ निवडत होत्या. तात्या समोर बसले. टोपी काढली, परत घातली.

"तुला म्हाईत होतं?"

कशाबद्दल, हे त्यांना विचारावं लागलं नाही. "आवं, कुणाला म्हाईत न्हाई?"

"आपल्या घरचा आमरस तर लोक वाटी-वाटीनं पितेत."

"शहादेव दरसाली दिंद्रुडवरनं गोटीची पाटी आणतो न्हवं? त्याचा आसतो तो रस. तुमचा शेप्या त्यात एकच पिळते, तुमचं समाधान म्हून." शहादेव म्हणजे वनमालाबाईंचा धाकटा भाऊ.

"आन तुज्या घरी मला दिला होता तो? तुला बघायला आलतो तवा?"

वनमालाबाईंच्या हातातलं सूप थांबलं. पण आज सगळंच उघडं पडलं होतं, तर हे तरी कशाला झाकायचं. "त्या दिशी घरातले गोटी सरलते. दादा म्हणले, पाव्हण्याला काय कळतंय, शेप्या द्या. तुमी झकास म्हणलात तवा आत समद्या बाया तोंड दाबून हसल्या. ते झाड दादानी त्याच साली तोडलं. कुणी खातच न्हवतं."

राधाकिशन तात्या उठले आणि खुंटीची पिशवी घेतली.

"कुठं निघालात?"

"गेवराईला जातो. केसर आणतो तेहतीस. पोरीच्या घरी शेळीचं खाद्य धाडू का काय?"

वनमालाबाई आत गेल्या. कोठीचं झाकण वाजलं. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात एक आंबा होता, कोपरापर्यंत गव्हाचा भुसा. आंबा अजून करकरीत होता आणि त्याच्या खांद्यावर चवलीएवढा काळा डाग होता.

"हे घ्या. झाले तेहतीस."

तात्यांना समजायला थोडा वेळ लागला. आढीत एक कमी कसा झाला ते आधी समजलं. मग मागचं समजलं, एकेका वर्षाचं.

"म्हंजी मला सापडायचा तो..."

"सापडत न्हवता. म्या ठेवायचे."

"तुला तर वास सोसत न्हाई."

"न्हाईच सोसत," वनमालाबाई हात झटकत म्हणाल्या. "पर आंबा सरला की तुमचं तोंड उतरतं, ते त्याच्याहून सोसत न्हाई. ठेवा ती पिशवी."

तात्यांनी पिशवी खुंटीला लावली. डोळ्यांत पाणी आलं होतं, पण त्यांनी ते आढीच्या काडाच्या धुळीवर घातलं.

दुसऱ्या दिवशी सायली आणि जावई रविराज वडवणीहून आले. रविराजचं तिथं खतं-बियाण्याचं दुकान. दुकानदार असून हा गडी गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायचा, की हे बी तुमच्या रानात येणार नाही, नेऊ नका. सायलीनं त्याला सगळ्या वाटेनं पढवलं होतं, की आंबा खाताना तोंड वाकडं करायचं नाही आणि डोळे मिटून गिळायचं. धोंडे झाले, तूप झालं, रस झाला. रसाच्या तीन वाट्या गेल्या. मग तेहतीस मोडू नयेत म्हणून तात्यांनी स्वतः कालच्या सडक्या शेप्याची चांगली बाजू चिरली आणि फोड जावयाच्या ताटात ठेवली. या वेळी "कसा हाय" असं त्यांनी विचारलं नाही. नुसतं बघत बसले. आजवर जे तोंड ते हौसेनं बघत आले होते, ते आज त्यांना भीतभीत बघायचं होतं.

रविराजनं फोड तोंडात घातली. डोळे मिटले नाहीत. सावकाश चावली, गिळली आणि उरलेली ताटात ठेवली.

"मामा, ह्याला शेपूचा वास येतो."

सायलीनं कपाळाला हात लावला. वनमालाबाईंच्या हातातली तुपाची चमची हवेतच राहिली.

"येतो," तात्या म्हणाले. "लई येतो." आणि त्यांना हसू फुटलं. आधी गालातल्या गालात, मग पोट हलेपर्यंत. "पस्तीस सालात हे तोंडावर सांगणारे पयले तुमीच, पाव्हणं."

"राग आला का, मामा?"

"न्हाई बा. काल आला आसता. पर वाण हाय, घेऊन जावंच लागंल. घरी शेळी हाय का?"

"म्हैस हाय."

"मंग मिटलं."

तात्यांनी ताटात तेहतीस आंबे रचले, डागाचा सगळ्यात वर ठेवला, नवं फडकं झाकलं आणि वर दिवा लावून वाण दिलं. सायली तोवर न्हाणीजवळ बसून शेप्या चोखत होती, सडक्यातला राहिलेला चांगला भाग आणि नवऱ्याची उरलेली फोड. ती बापाची लेक होती, तिला तो वास आलाच नाही कधी. निघताना ती ओटीला गहू घ्यायला म्हणून आत गेली, जरा वेळ लागला तिला, आणि मग दोघं मोटारसायकलवर पुढं टोपली घेऊन वडवणीला गेली.

आठ दिवसांनी घरातलं पीठ संपलं. तात्या डबा घेऊन कोठीशी बसले. यंदा आत काही नाही हे त्यांना ठाऊक होतं. तरी झाकण काढताना मन उगाच खट्टू झालं. ठाऊक नव्हतं तेव्हाच बरं होतं, असं त्यांना वाटून गेलं. त्यांनी गव्हात हात घातला आणि हात तिथंच थांबला.

बाहेर काढला तर हळदीसारखा पिवळा, पिकलेला शेप्या. खांद्यावर चवलीएवढा काळा डाग.

"अगं," तात्यांनी हाक मारली. वनमालाबाई आल्या, आंबा बघितला आणि गळ्याला चिमटा घेतला. "देवाशप्पथ, म्या न्हाई ठेवला."

तात्यांनी खिशातून मोबाईल काढला आणि वडवणीला लावला. फोन रविराजनं घेतला.

"पाव्हणं, वाण मोजून घेतलं का? काई कमी तर न्हाई ना?"

पलीकडं क्षणभर कुजबुज झाली. मग तो सडेतोड बोलणारा गडी म्हणाला, "पुरे तेहतीस होते, मामा. म्या सवता मोजले."

"बरं बरं," म्हणून तात्यांनी फोन ठेवला आणि हातातल्या तेहतिसाव्या आंब्याकडं बघितलं.

"काय म्हणले?" वनमालाबाईंनी विचारलं.

"पुरे होते म्हणले." तात्यांनी पाट ओढून घेतला, कोठीजवळच बसले. "खोटं बोलायला लागला पोरगा. आता आपल्या घरचा झाला."

वनमालाबाईंनी विळी आणून दिली. या खेपेला त्या अंगणात गेल्या नाहीत. फक्त खिडकी उघडली आणि तिथंच बसल्या.